भूत चालेल, दोर चुकायला नको

जानेवारी १८८४मध्ये लंडनच्या ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये एक निनावी कथा छापून आली. अटलांटिकमध्ये एक जहाज बेवारस सापडतं, त्यावरची माणसं नाहीशी झालेली असतात, आणि त्या प्रवासातून वाचलेला एक डॉक्टर काही वर्षांनी खरा प्रकार सांगतो. दैवी ताकदीचा एक काळा दगड, आफ्रिकेतली एक जमात, गोऱ्यांवर सूड उगवायला निघालेला एक प्रवासी असा सगळा मसाला होता. वाचक खूश झाले. जिब्राल्टरमधले सरकारी वकील फ्रेडरिक सॉली-फ्लड मात्र खवळले. हा मजकूर सपशेल बनावट आहे, असा खुलासा त्यांनी तारेनं वृत्तसंस्थेकडे धाडला. कथेला खोटी ठरवायला सरकारी अधिकाऱ्यानं तार करावी, यापेक्षा मोठी पावती कुठल्या लेखकाला मिळणार?

लेखक होता चोवीस वर्षांचा आर्थर कॉनन डॉयल. साउथसीमध्ये दवाखाना थाटून तो रोग्यांची वाट पाहत बसलेला असे. त्याआधी व्हेल मारणाऱ्या जहाजावर आणि पश्चिम आफ्रिकेला जाणाऱ्या आगबोटीवर त्यानं डॉक्टर म्हणून काम केलं होतं, त्यामुळे डेकवरचा वास त्याच्या नाकात होता. सॉली-फ्लडना राग यायलाही कारण होतं. डिसेंबर १८७२मध्ये ‘मेरी सेलेस्ट’ खरोखरच तशी सापडली होती. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्यांची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसं गेली ती गेलीच. जहाजावर मद्यार्काची १,७०१ पिंपं होती. शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, अझोर्स बेटांजवळची. जिब्राल्टरच्या चौकशीत सॉली-फ्लडनी खुनाचा संशय धरून ठेवला, पण ज्या डागांवर त्यांची भिस्त होती ते रक्ताचे नाहीत असा निर्वाळा तपासणीत मिळाला. त्यांना जे सापडलं नाही ते एका पोरसवदा डॉक्टरनं मासिकाच्या काही पानांत ‘सापडवलं’ होतं.

डॉयलनं जहाजाचं नाव किंचित बदलून ‘मारी सेलेस्ट’ केलं, आणि आजही पुष्कळ लोक खऱ्या जहाजाला त्याच चुकीच्या नावानं ओळखतात. खऱ्या जहाजावरची एकुलती होडी गायब होती, म्हणजे माणसं तिच्यात बसून उतरली हे उघड होतं. डॉयलच्या जहाजावर होड्या जागच्या जागी टांगलेल्या आहेत. एवढ्या एका बदलानं अपघाताचं गूढ झालं, आणि लोकांच्या डोक्यात राहिलं ते हे गूढच.

जहाजावर घडणाऱ्या भयकथांना वाचकांनी गेल्या सव्वादोनशे वर्षांत दिलेल्या प्रतिसादांवरून नजर फिरवली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वाड्यातल्या भुताच्या गोष्टीत वाचक घाबरतो किंवा कंटाळतो. जहाजावरच्या गोष्टीत तो चौकशीला बसतो. जहाज म्हणजे मोजकी माणसं, मोजक्या खोल्या, नोंदवही, वेळापत्रक, आणि बाहेर पडायला वाट नाही. इतका पुरावा हाताशी असल्यावर उलटतपासणी होणारच. वाचक भुताला सहज पास करतो. दोर, शीड, वारा, माणसांचं वागणं यांत खोट निघाली की तो लेखकाला धरतो, आणि शेवटी खुलासा आला की निकाल देतो. तो निकाल बहुधा कडक असतो.

कोलरिजला हे पहिल्यांदा सोसावं लागलं. १७९८मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’ निघालं तेव्हा त्याची ‘एन्शंट मरिनर’ ही दीर्घ कविता अगदी सुरुवातीला होती. पक्षी मारला म्हणून जहाज शापित होतं, खलाशी मरतात, मेलेले उठून शिडं ओढू लागतात. सदी या कवीनं परीक्षणात तिची टर उडवली, आणि तो तर कोलरिजचा साडूच होता. वर्ड्‌सवर्थला वाटलं, या एका कवितेनं आपलं अख्खं पुस्तक बुडतंय. दुसऱ्या आवृत्तीत त्यानं ती मागं ढकलली आणि वर तिचे दोष सांगणारी टीपही जोडली. सहलेखकाच्या कवितेखाली तिच्या दोषांची यादी छापण्याचा हा मान विरळाच!

या कवितेच्या वाचकांचे दोन किस्से कोलरिजनंच सांगून ठेवलेत. ॲना बार्बोल्ड या लेखिकेनं तक्रार केली की कविता अशक्य कोटीतली आहे आणि तिच्यात बोध नाही. पहिल्या आरोपावर वाद होऊ शकतो, असं कोलरिजचं उत्तर होतं; दुसऱ्याबद्दल तो म्हणाला की उलट बोध जरुरीपेक्षा जास्तच झालाय. विहिरीकाठी खजूर खाऊन बिया फेकणाऱ्या व्यापाऱ्यापुढे जिन्न उभा राहतो आणि तुझ्या बीनं माझ्या पोराचा डोळा गेला म्हणतो, त्या अरबी कथेत जेवढा बोध आहे तेवढाच इथं हवा होता. दुसरा किस्सा प्रकाशकाकडून त्याच्या कानी आलेला: पुस्तकाच्या बऱ्याच प्रती खलाशांनी नेल्या, कारण नाव ऐकून त्यांना ते दर्यावर्दी गाण्यांचं पुस्तक वाटलं. घरी नेऊन वाचल्यावर त्यांचं काय झालं असेल, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

अमेरिकी कथाकार पोच्या बाबतीत फसगत उलट्या बाजूनं झाली. १८३८मध्ये आलेली त्याची ‘आर्थर गॉर्डन पिम’ ही कादंबरी खऱ्या प्रवासवर्णनाचा आव आणते, आणि काही वाचकांनी, इंग्लंडात विशेषतः, ती खरी धरली. तिच्यात एक झकास जागा आहे. जहाजावर बंड झालंय, आणि पिम नुकत्याच मेलेल्या खलाशाचं सोंग घेऊन बंडखोरांपुढे उभा राहतो. म्हणजे भूत खोटं, पण ते पाहून म्होरक्या खरोखर गतप्राण होतो. कादंबरी संपते ती दक्षिण ध्रुवाकडे धुक्यात उभ्या असलेल्या एका प्रचंड पांढऱ्या आकृतीपाशी. पुढची प्रकरणं हरवली, असं सांगून पो हात झटकून मोकळा. पुढे तोच त्या पुस्तकाला खुळं म्हणाला.

हा शेवट एका वाचकाला इतका डाचला की त्यानं साठेक वर्षांनी अख्खी कादंबरी लिहून तो पुरा केला. हा वाचक म्हणजे ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांच्या अनुवादांवर वाढलेल्या मराठी वाचकाला त्याचा स्वभाव ठाऊक आहेच: गूढ दिसलं की त्याला भूगोल आणि पदार्थविज्ञान लावून पाहायचं. १८९७च्या ‘बर्फातला स्फिंक्स’मध्ये त्यानं पोच्या ध्रुवावर चुंबकीय शक्तीचा डोंगर उभा केला आणि सगळं समजावून दिलं. पोची अर्धवट गोष्ट लोक आजही उकरून काढतात; व्हर्नचा खुलासा व्हर्नच्या भक्तांपलीकडे कुणी फारसा वाचत नाही.

एफ. मॅरियन क्रॉफर्ड हा तर आपल्याकडे राहून गेलेला माणूस. १८७९च्या सुमारास तो अलाहाबादेत ‘इंडियन हेरल्ड’ हे वृत्तपत्र चालवत होता. ‘द अपर बर्थ’ ही त्याची कथा भयकथांच्या संग्रहांत अजून हटकून असते. अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटीवरची १०५ नंबरची केबिन. तिथं झोपलेले आधीचे प्रवासी एकामागून एक पाण्यात उडी टाकून गेलेले. खोलीत साचलेल्या खाऱ्या पाण्याचा कुबट वास येतो. गोल खिडकी रात्री मळसूत्र फिरवून घट्ट बंद करावी, तर पहाटे सताड उघडी, आणि बाहेरचा गार वारा थेट अंथरुणावर. निवेदक कप्तानाला घेऊन रात्रभर पहारा देतो. दोघांच्या डोळ्यांदेखत ते पितळी मळसूत्र हळूहळू उलटं फिरू लागतं. वरच्या बर्थवर हात घातला तर हाताला लागतं ते काहीतरी ओलं, निसरडं, कधीचं मेलेलं. शेवटी जहाजाचा सुतार येतो आणि केबिनचं दार चार इंची स्क्रू पिळून कायमचं बंद करतो. हे कुणाचं प्रेत, ते का येतं, काही कळत नाही. तरी या कथेबद्दल वाचकाची तक्रार ऐकू येत नाही. स्क्रूचं माप दिलं, भुताचं नाव-गाव दिलं नाही. हा हिशेब क्रॉफर्डला बरोबर कळला होता.

विल्यम होप हॉजसन तेराव्या वर्षी समुद्रावर गेला आणि त्या जगण्याचा विटून द्वेष करत परत आला. एका सोबत्याला शार्क असलेल्या पाण्यातून वाचवल्याबद्दल त्याला रॉयल ह्यूमेन सोसायटीचं पदकही मिळालं होतं. १९०९च्या त्याच्या ‘द घोस्ट पायरट्स’मध्ये समुद्रातून सावल्यांसारखी माणसं कठडा ओलांडून जहाजावर येतात, आणि जहाज हळूहळू आपल्या जगातून निसटू लागतं, शेजारून जाणाऱ्या जहाजाचे दिवे क्षणात दिसतात, क्षणात नाही. भयकथाकार लव्हक्राफ्टनं या पुस्तकाची वाखाणणी केली. सामान्य वाचक मात्र अडतो तो शिडांच्या आणि दोरांच्या नावांपाशी. डोलकाठीवरच्या प्रत्येक आडव्या लाकडाला वेगळं नाव, आणि हॉजसन एकही नाव सोडत नाही. टिकून राहिलेला वाचक नंतर सांगतो की भीती तिथूनच येते. रात्रपाळीचा पोरगा वर चढलाय, खालून सगळे त्याला नावानं हाका मारतायत, आणि कुठला दोर सुटला हे आपल्याला कळतं. म्हणूनच काळजात चर्र होतं.

हॉजसनच्या पुस्तकात भूत खरं होतं. जोसेफ कॉनराडवर आळ आला तो भूत नसताना. ‘द शॅडो लाइन’मध्ये (१९१७) सयामच्या आखातात एक शिडाचं जहाज वाऱ्याअभावी खिळून पडतं. खलाशी तापानं फणफणलेले. तरुण कप्तान क्विनिनच्या बाटल्या उघडतो तर आत भलतीच पूड. आधीच्या कप्तानानं औषध केव्हाच विकून टाकलंय. तो कप्तान मेलाय आणि त्याच पाण्यात पुरलाय. दुय्यम अधिकारी बर्न्स तापाच्या भरात छातीठोक सांगतो की म्हातारा आपल्याला पुढे जाऊ देत नाहीये. पुष्कळांना वाटलं, कॉनराड या खेपेस भुताच्या गोष्टीकडे वळला. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं ते साफ नाकारलं: जिवंत माणसांच्या जगातच इतकं अद्भुत आहे की त्यापलीकडे जायची आपल्याला गरज नाही, असा त्याचा सूर. लेखकानं कितीही झटकलं तरी बर्न्सची बाजू घेणारे वाचक अजून भेटतात. आणि ते अगदीच चुकलेत असं म्हणवत नाही. विकलेल्या क्विनिनच्या रूपानं तो म्हातारा जहाजावर होताच की.

‘ड्रॅक्युला’तलं जहाज हा त्या कादंबरीचा छोटासा तुकडा, पण तो अनेकांना सगळ्या पुस्तकात सरस वाटतो. ब्रॅम स्टोकर १८९०मध्ये व्हिटबीला राहिला होता, आणि पाच वर्षांपूर्वी ‘दिमित्री’ हे रशियन जहाज तिथल्या किनाऱ्याला लागल्याचं त्याला तिथं कळलं. त्याचं ‘डिमीटर’ झालं. हा भाग कप्तानाच्या नोंदवहीच्या रूपात येतो: आज एक माणूस कमी, आज आणखी एक. पिशाच जवळपास दिसतच नाही. २०२३मध्ये या तुकड्यावर हॉलिवूडनं अख्खा सिनेमा काढला, त्यात पिशाच भरपूर दिसलं आणि सिनेमा आपटला. व्हिटबीच्या चर्चमध्ये लोक अजून ड्रॅक्युलाची कबर विचारतात.

कधी कधी गोष्टीत नसलेलं अमानवी वाचकच नंतर आत आणून सोडतात. मॉर्गन रॉबर्टसन या माजी खलाशानं १८९८मध्ये ‘टायटन’ नावाच्या प्रचंड जहाजाची कादंबरी लिहिली. एप्रिलमधली रात्र, उत्तर अटलांटिक, हिमनग, आणि होड्या कमी. चौदा वर्षांनी ‘टायटॅनिक’ बुडाली आणि एका दुर्लक्षित पुस्तकाचं भाकीत झालं. प्रकाशकानं लगेच नवी आवृत्ती काढली, तीही ‘टायटन’चा आकार वाढवून. भाकितालाही मागाहून थोडी दुरुस्ती लागली, एवढंच. रॉबर्टसनला जहाजबांधणीचा कल कळत होता, मोठ्या जहाजांवर होड्या अपुऱ्या असतात हे उघड गुपित होतं, यात वाचकांना रस नव्हता.

गेल्या वीस वर्षांत या प्रकारावर सर्वांत तावातावानं बोललं गेलं ते डॅन सिमन्सच्या ‘द टेरर’बद्दल (२००७). सर जॉन फ्रँकलिनची मोहीम १८४५मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात गेली आणि १२९ माणसं परतली नाहीत. मागे राहिलेल्या एका चिठ्ठीवरून कळतं की फ्रँकलिन ११ जून १८४७ला वारला आणि पुढच्या एप्रिलमध्ये उरलेले १०५ जण जहाजं सोडून बर्फावरून चालू लागले. सिमन्सनं या इतिहासात एक प्रचंड श्वापद सोडलं. इनुइट कथांचा धागा घेऊन रचलेलं, पण त्याच्या पदरचं.

वाचक इथंच फुटले. एका बाजूचं म्हणणं: थंडी, स्कर्व्ही, नासलेले डबे आणि भुकेनं एकमेकांकडे पाहू लागलेली माणसं एवढं असताना राक्षसाची भर कशाला? दुसऱ्या बाजूचं: तो राक्षस नसता तर साडेसातशेहून अधिक पानं कुणी वाचली असती? या वादात दोघांचाही मुद्दा बरोबर आहे, पण पहिल्या बाजूचा जास्त. पुस्तकातली अंगावर काटा आणणारी जागा श्वापदाची नाहीच, ती डब्यांची आहे. बर्फात जखडलेल्या जहाजावर अन्नाचे डबे उघडतात, आत सडलेलं निघतं, आणि अधिकारी बसून हिशेब करतात की उरलेलं किती दिवस पुरेल.

या मोहिमेच्या पहिल्या वाचकांची प्रतिक्रिया आठवली तर आजचा वाद मवाळ वाटतो. १८५४मध्ये जॉन रे या प्रवाशानं इनुइटांकडून ऐकलेली हकिकत आणली: उपाशी खलाशांनी प्रेतं खाल्ली होती. चार्ल्स डिकन्सनं आपल्या साप्ताहिकात ती धुडकावली आणि दोष इनुइटांवरच टाकला. इंग्रज अधिकारी असं करणार नाही, हे त्याला पुराव्याशिवाय पटलेलं होतं. ‘एरेबस’ २०१४मध्ये सापडलं आणि ‘टेरर’ २०१६मध्ये, तेही एका इनुइट माणसानं सांगितलेल्या जागी. २०२४मध्ये जेम्स फिट्झजेम्स या कप्तानाचा जबडा डीएनएवरून ओळखला गेला. त्यावर सुरीचे वार होते. या शोधांनंतर कादंबरी पुन्हा हातात घेणाऱ्याला श्वापद आणखीच अनावश्यक वाटलं तर नवल नाही. कादंबरीवरच्या २०१८च्या मालिकेनं निदान एक केलं: गोष्टीतल्या गूढ इनुइट स्त्रीच्या भूमिकेत ग्रीनलंडच्या इनुइट अभिनेत्रीला घेतलं आणि तिला इनुइट भाषेत बोलू दिलं.

स्टुअर्ट टर्टनची ‘द डेव्हिल अँड द डार्क वॉटर’ (२०२०) ही या यादीतली सर्वांत चतुर आणि सर्वांत वादाची. १६३४चा काळ. डच कंपनीचं ‘सारदाम’ बटाव्हियाहून ॲम्स्टरडॅमला निघतं. धक्क्यावर रक्ताळलेल्या पट्ट्या गुंडाळलेला एक महारोगी मालाच्या ढिगावर चढून जहाजाला शाप देतो आणि पेट घेतो. जवळ जाऊन पाहावं तर त्याला जीभच नाही. मग शाप दिला कुणी? पुढे शिडावर शेपटी असलेल्या डोळ्याचं चिन्ह उमटतं, आणि ताफ्यात सात जहाजं असताना रात्री समुद्रात आठवा कंदील पेटतो. आठव्या कंदिलापर्यंत वाचक एकमतानं कौतुक करतात.

त्यानंतर दोन तक्रारी उठतात. एक, सतराव्या शतकातली बाई आजच्यासारखी बोलते, खलाशी आजच्यासारखे विचार करतात. याचा टर्टनला अंदाज होता. पुस्तकाच्या शेवटी त्यानं इतिहासाची आणि जहाजांची रीतसर माफीच मागितली आहे, संशोधन केलं पण गोष्टीच्या आड आलं तिथं सोडलं म्हणून. काहींना ते दिलखुलास वाटलं, काहींना अटकपूर्व जामीन. दुसरी तक्रार शेवटाची. सैतान खरा की माणसांचा डाव, याचा उलगडा होतो आणि मग पात्रं जे ठरवतात ते अनेकांच्या गळी उतरत नाही. उलगडा बिनचूक आहे, धागेदोरे जुळतात. माणसं मात्र जुळत नाहीत. इतक्या प्रेतांनंतर अशी तडजोड कोण करेल, हा वाचकांचा सवाल रास्त आहे.

‘सारदाम’ हे नाव त्यानं उगीच घेतलेलं नाही. १६२९मध्ये ‘बटाव्हिया’ हे कंपनीचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला खडकांवर फुटलं. वाचलेल्यांपैकी येरोनिमस कॉर्नेलिस या अधिकाऱ्यानं टोळी जमवून बेटांवर शंभराहून अधिक माणसांची कत्तल केली. मदतीला आलेल्या जहाजाचं नाव होतं ‘सारदाम’. टर्टनचा सैतान या कॉर्नेलिसपुढे सौम्यच म्हणावा लागेल.

मुंबईत २०११च्या पावसाळ्यात दोन जहाजं माणसांविना किनाऱ्याला लागली. जूनमध्ये ‘विस्डम’ हे भंगारात निघालेलं जहाज अलंगकडे ओढून नेताना सुटून जुहूला आलं, आणि ते बघायला चौपाटीवर गर्दी लोटली. जुलैअखेर ‘पवित’ आलं. खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं हे जहाज बुडालं असं समजलं जात होतं. ते अरबी समुद्र पार करून कुणाला न कळता जुहू-वर्सोव्याला येऊन टेकलं. खरंखुरं भुताचं जहाज! पण २६/११ला तीन वर्षंही झाली नव्हती. एवढं मोठं जहाज रडारला कसं दिसलं नाही, एवढाच सवाल लोकांनी केला. भुताचं नाव कुणी काढलं नाही. पुढे ‘विस्डम’वरून ‘भूत : द हाँटेड शिप’ हा सिनेमा निघाला (२०२०). त्यावरही नेहमीचाच शेरा आला: पूर्वार्धातलं अंधारं, रिकामं जहाज छान, उत्तरार्धातला खुलासा नको होता.

मराठीत धारप आणि मतकरी यांनी वाडे, माळरानं, चाळी झपाटून टाकल्या; आगबोटीवरच्या भयकथेचा मात्र मराठीत दबदबा झाला नाही. खरं तर रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे कारभारी-खानसामे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर राबले. हॉजसनचे दोर ज्यांनी हातानं ओढले असे वाचक कोकणात घरोघरी निघाले असते.

आणि विषय तर समोर आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी टोपल्या समुद्रात रित्या करून बुडणाऱ्यांना वर घेतलं, असं सांगतात. अमावास्येचा उल्लेख या हकिकतीत हमखास येतो, पण तो शापाचा म्हणून नव्हे; सणाला घरी निघालेल्यांची गर्दी का होती, ते सांगणारा. उद्या कुणी ‘रामदास’वर भयकादंबरी लिहिली तर अलिबाग-पेणचा वाचक पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन बसेल: बोट किती वाजता सुटली, लाट कुठल्या अंगानं आली, माणसं एका बाजूला का धावली, तरंगायला काय होतं. भुताची पाळी त्यानंतर.